वर्गांत मुलें किती?



जून महिना जवळ आला कीं घराघरांतून शाळाप्रवेशाची चर्चा सुरू होते. शाळा किती दूर, फी किती, माध्यम कोणतें, निकाल कसा, हे प्रश्न आपण सारेच विचारतों. एक प्रश्न मात्र बहुधा शेवटीं, आणि तोहि सहज म्हणून, विचारला जातो : वर्गांत मुलें किती आहेत? उत्तर पन्नास आलें काय आणि पासष्ट आलें काय, आपण मान हालवून पुढें जातों. कारण या आंकड्याचा आपल्या मुलाच्या शिकण्याशीं नेमका संबंध काय, हें आपणांस कोणी सांगितलेलें नसतें. आज त्या संबंधाविषयीं कांहीं विचार आपल्यापुढें मांडावयाचे आहेत. विषय वरवर लहान दिसतो. पण शाळांचीं अंदाजपत्रकें, शिक्षकांच्या नेमणुका, आणि खेड्यापाड्यांतील लहान शाळा चालू ठेवाव्यात कीं बंद कराव्यात हा वाद, हीं सारीं शेवटीं याच आंकड्याभोंवतीं फिरतात.

या प्रश्नाचें एक उत्तर वर्ध्यास फार पूर्वींच दिलें गेलें आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, मातृभाषेचें माध्यम, आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोंवतीं सर्व विषयांची गुंफण, हीं त्या परिषदेचीं मुख्य सूत्रें. त्यांस अभ्यासक्रमाचें रूप देण्यासाठीं डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, आर्यनायकम्, आशादेवी इत्यादि मंडळी तींत होती. समितीनें आपला अहवाल त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सादर केला. त्यावर पुढें देशभर वाद झाला. चरख्यावर झाला, शाळेनें स्वावलंबी असावें या कल्पनेवर झाला. पण त्याच अहवालांत एक साधी अट होती, तिच्याकडे त्या मानानें थोड्यांचें लक्ष गेलें. ती अट अशी कीं, एका शिक्षकाकडे तिसांहून अधिक मुलें असूं नयेत.

हा तिसाचा आंकडा आला कोठून? तो समितीनें योजलेल्या कामांतून कसा निघतो, हें पाहण्यासाठीं तिचें वेळापत्रक समोर ठेवावें. शाळेचा दिवस साडेपांच तासांचा. त्यांतील तीन तास वीस मिनिटें हस्तोद्योगास, चाळीस मिनिटें मातृभाषेस, चाळीस मिनिटें संगीत, चित्रकला व गणित यांस, तीस मिनिटें समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांस, आणि उरलेलीं वीस मिनिटें व्यायाम व मधली सुट्टी यांत. म्हणजे दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ मूल हातानें कांहींतरी करीत आहे, आणि शिक्षक तें पाहत आहे, अशी ही योजना.

आतां सूतकताईचाच धडा घेऊं. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. एका मुलानें टकळीवर ९० तार काढले, दुसऱ्यानें १३५ काढले, तिसऱ्याचा धागा घडोघडी तुटतो आहे. पहिल्यास लटी पुरी करण्यास किती तार उणे, हें त्याचें गणित. दुसऱ्याची वजाबाकी वेगळी. तिसऱ्यास गणित नंतर. अगोदर पेळू कोणत्या बोटांत व किती सैल धरावा, हें त्याच्याजवळ बसून दाखवावयास हवें. येथें फळ्यावर एकच उदाहरण लिहून भागत नाहीं. तीस मुलें म्हणजे तीस उदाहरणें, आणि तीं सोडवून घेणारा शिक्षक एकच.

तीन तास वीस मिनिटें म्हणजे दोनशें मिनिटें. तीस मुलांत तीं वांटलीं तर प्रत्येकाच्या वांट्यास सहा मिनिटें चाळीस सेकंद येतात. साठांत वांटलीं तर तीन मिनिटें वीस सेकंद. धागा कां तुटतो हें ओळखून, हात धरून सुधारून, पुन्हा एकदां करवून घेण्यास सहासात मिनिटें जेमतेम पुरतात. तीन मिनिटें पुरत नाहींत. वर्ध्याच्या योजनेंत तिसाची मर्यादा ही सोयीची गोष्ट नव्हती, ती पद्धतीचाच एक भाग होती.

यांतून या विषयांतील मुख्य भेद हातीं येतो. शिक्षकाचें बोलणें ऐकणारांची संख्या वाढली म्हणून तें बोलणें कमी होत नाहीं. तीस मुलांनीं गोष्ट ऐकली काय आणि साठांनीं ऐकली काय, ज्यास आवाज पोंचला त्यास ती सबंधच मिळते. परंतु शिक्षकाची नजर तशी नाहीं. ती वांटली जाते. एका मुलाची वही पाहत असतांना दुसऱ्याची पाहतां येत नाहीं. शिक्षणाचा जो भाग ऐकून होतो, त्यास वर्गाची संख्या फारशी बाधत नाहीं; जो भाग कोणीतरी पाहून, चूक दाखवून, पुन्हा करवून घेतल्यानें होतो, तो भाग मुलें वाढतील तसतसा आटत जातो. वाचावयास शिकणें, अक्षर वळविणें, हातच्याची वजाबाकी समजणें, निबंध लिहिणें, हीं सारीं दुसऱ्या प्रकारचीं कामें आहेत. आणि प्राथमिक शाळेचें बहुतेक काम याच प्रकारचें असतें.

मग मोठे वर्ग टिकले कां? त्याचें कारण पैशांत आहे. झाकीर हुसेन समितीनें शिक्षकास शक्य तर दरमहा पंचवीस रुपये, आणि कोणत्याहि परिस्थितींत वीसांहून कमी नाहीं, असें वेतन सुचविलें होतें. पंचवीस रुपये तीस मुलांवर वांटले तर दर मुलामागें तेरा आणे चार पै पडतात. साठांवर वांटले तर सहा आणे आठ पै. वर्ग दुप्पट केला कीं खर्च निम्म्यावर येतो. शाळेच्या जमाखर्चांत याहून सोपी काटकसर दुसरी नाहीं, आणि तिचें नुकसान कोणत्याहि हिशेबाच्या वहींत लिहिलें जात नाहीं.

पण मोठ्या वर्गाचा पुरस्कार केवळ कंजुषपणानेंच झाला, असें म्हणणें अन्यायाचें होईल. आपल्याच महाराष्ट्रांतील थोर शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांनीं १९३०च्या दशकांत याच्या अगदीं उलट भूमिका घेतली होती. १९२९ च्या हार्टोग समितीनें शाळा वाढविण्यापेक्षां असलेल्या शाळा सुधारण्यावर भर दिला होता. परुळेकरांनीं त्यास हरकत घेतली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, आधीं शिक्षण सर्वांपर्यंत पोंचूं द्या. त्यासाठीं वर्ग मोठे करावे लागले तरी चालतील, एकाच इमारतींत दोन पाळ्या भरवाव्या लागल्या तरी चालतील. १९३१ च्या शिरगणतींत देशांतील साक्षर शेंकडा दहांहूनहि कमी होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या मताचें वजन कळतें. तीस मुलांस आंत घेऊन उरलेल्या तिसांस दाराबाहेर उभें करावयाचें, हा कोणता न्याय? वर्ध्याची समिति आणि परुळेकर या दोघांनाहि प्रत्येक मूल शिकावें असेंच वाटत होतें. एकाची चिंता दाराबाहेरच्या मुलाची होती, दुसऱ्याची शेवटच्या बांकावरील मुलाची.

एका शिक्षकानें पुष्कळ मुलें शिकवावयाचीं हा यत्न त्याहूनहि जुना आहे, आणि त्याचें मूळ आपल्याच देशांत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एग्मोर येथील अनाथालयांत अँड्र्यू बेल नांवाचे पाद्री होते. तेथील गांवठी शाळांत मुलें वाळूंत अक्षरें गिरवितात आणि मोठीं मुलें लहानांस शिकवितात, हें त्यांनीं पाहिलें व आपल्या संस्थेंत चालू केलें. इंग्लंडांत ही रीत त्यांच्या व जोसेफ लँकेस्टर यांच्या खटपटीनें फैलावली. एका प्रशस्त दालनांत शेंकडों मुलें, मध्यें एक शिक्षक, आणि रांगारांगांवर देखरेख करणारीं मोठीं मुलें, असा तो थाट होता. एक शिक्षक हजार मुलें शिकवूं शकेल, येथपर्यंत लँकेस्टर यांची उमेद गेली होती. पाढे, उजळणी व शुद्धलेखन या रीतीनें घोकून घेतां आलें. समजून देणें मात्र जमलें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांतच ती मागें पडली. आपल्या पंतोजींच्या शाळेंतहि वरचीं मुलें खालच्यांस धूळपाटीवर अक्षरें गिरवावयास लावीत. पण १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यांत सुमारें सतराशें शाळा व पस्तीस हजार मुलें नोंदलेलीं आढळतात. म्हणजे एका शाळेंत सरासरीनें वीसच मुलें. पंतोजी ओटीवर बसल्याजागीं सर्वांस पाहूं शके. मद्रासहून जी रीत विलायतेस गेली, तिच्यांतून ही पाहण्याची सोय वाटेंत गळून गेली.

आतां, वर्ग लहान केल्यानें मुलें खरोखर अधिक शिकतात काय, याचा निवाडा तर्कानें होण्यासारखा नाहीं. तो प्रयोगानेंच व्हावयास हवा. सुदैवानें गेल्या चाळीस वर्षांत असे प्रयोग झालेले आहेत.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेंतील टेनेसी राज्यांत १९८५ ते १९८९ या काळांत झाला. ७९ शाळांतील साडेअकरा हजारांहून अधिक मुलें त्यांत होतीं. बालवर्गापासून तिसरीपर्यंतच्या या मुलांची व त्यांच्या शिक्षकांची वांटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी करण्यांत आली : कांहीं वर्ग १३ ते १७ मुलांचे, कांहीं २२ ते २५ मुलांचे, आणि कांहीं तितकेच मोठे, पण शिक्षकाच्या जोडीस एक मदतनीस दिलेले. लहान वर्गांतील मुलें वाचनांत व गणितांत स्पष्टपणें पुढें गेलीं. शंभर मुलांची गुणानुक्रमें रांग लावली, तर पहिल्याच वर्षीं त्यांनीं सरासरीनें सुमारें चार जागा पुढें घेतल्या. गरीब घरांतील व कृष्णवर्णीय मुलांस हा लाभ अधिक झाला. मदतनीस दिलेल्या मोठ्या वर्गांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं.

हा निष्कर्ष ऐकून १९९६ सालीं कॅलिफोर्निया राज्यानें सरसकट सर्व शाळांतील खालचे वर्ग सुमारें तिसांवरून विसांवर आणले. एकदम हजारों नवे शिक्षक लागले. पुरेशी पात्रता नसलेल्यांसहि नेमावें लागलें, आणि गरीब वस्त्यांतील शाळांचे अनुभवी शिक्षक सुखवस्तु वस्त्यांकडे गेले. परिणामीं टेनेसींत दिसलेला लाभ येथें तितका स्पष्ट दिसेना. वर्ग लहान झाला खरा, पण त्या वर्गापुढें उभा राहणारा मनुष्य बदलला.

तिसरा प्रयोग पश्चिम केनियांतील. तेथें २००५ सालीं कांहीं शाळांस एकेक जादा शिक्षक कराराने देण्यांत आला, आणि ऐंशींच्या घरांतला पहिलीचा वर्ग चाळिसांच्या आसपास आला. ज्या मुलांस करारावरील नवा शिक्षक मिळाला, तीं पुढें गेलीं. पण ज्या अर्ध्या वर्गावर पूर्वींचाच कायम शिक्षक राहिला, तेथें मुलें निम्मीं होऊनहि फारसा फरक पडला नाहीं. कारण भार हलका होतांच त्या शिक्षकांचें वर्गावर येणेंच कमी झालें.

आणि चौथा प्रयोग आपल्या मुंबईंतला आहे. महापालिकेच्या शाळांत, तसाच बडोद्यासहि, 'प्रथम' या संस्थेनें २००१ ते २००३ या काळांत 'बालसखी' चा उपक्रम चालविला, व त्याची रीतसर तपासणी झाली. तिसरी-चौथींतील जीं मुलें मागें पडलीं होतीं, त्यांपैकीं पंधरा ते वीस मुलें रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन त्याच वस्तींतील एक शिकलेली तरुणी त्यांस मूळ वाचन व अंकगणित शिकवी. बालसखीकडे गेलेलीं मुलें झपाट्यानें सुधारलीं. पण मला महत्त्वाचें वाटतें तें पुढेंच आहे. तीं मुलें बाहेर गेल्यामुळें मूळचा वर्ग तेवढ्या वेळापुरता आपोआप लहान झाला होता. त्या लहान झालेल्या वर्गांत उरलेल्या मुलांस कांहींच विशेष लाभ झाला नाहीं. शिक्षक पूर्वींप्रमाणेंच फळ्यापाशीं उभे राहून पूर्वींचाच धडा शिकवीत राहिले.

या चारहि प्रयोगांचें सार एकच निघतें. संख्या स्वतः कांहीं शिकवीत नाहीं. ती शिक्षकास सवड देते. त्या सवडींत शिक्षक मुलाजवळ गेला, त्याची वही त्यानें पाहिली, त्याच्या चुकेचें मूळ शोधलें, तर लहान वर्गाचें सार्थक होतें. तो फळ्यापाशींच राहिला, तर चाळीसांचे वीस केले तरी पैसा मात्र दुप्पट खर्च होतो. उलट, कितीहि चांगला शिक्षक असला तरी सवडच नसेल, तर त्याचा चांगुलपणा पहिल्या दोन बांकांपलीकडे पोंचत नाहीं.

हें रोजच्या कामांत कसें घडतें, तें पाहूं. एका वहीवर दोन मिनिटें धरलीं, तर तीस वह्या एका तासांत पाहून होतात. साठ वह्यांस दोन तास लागतात. शाळा सुटल्यावर एक तास बसणारा शिक्षक पुष्कळदां आढळतो. रोज दोन तास बसणारा क्वचित्. मग वही आठवड्यांतून एकदां पाहिली जाते, आणि तीहि बरोबरच्या खुणा करण्यापुरती. चाळीस मिनिटांच्या तासांत साठ मुलांपैकीं प्रत्येकास वाचावयास लावलें, तर एकास चाळीस सेकंद मिळतात. म्हणून कोणासच लावलें जात नाहीं, किंवा ज्यास येतें त्यासच लावलें जातें. हुशार मूल वर्गांत समजलें नाहीं तर घरीं विचारून घेतें. ज्याच्या घरीं सांगणारें कोणी नाहीं, त्याची चूक सोमवारची मंगळवारीं पक्की होते, आणि वर्षअखेरीस तोच त्याचा स्वभाव आहे असें ठरतें. मोठ्या वर्गाचा तोटा सर्वांस सारखा होत नाहीं. जो आधींच मागें आहे, त्यास तो सर्वांत अधिक होतो. टेनेसींत लहान वर्गाचा लाभ गरीब मुलांस अधिक झाला, तो याच कारणानें.

आतां आपल्या आजच्या स्थितीकडे वळूं. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या अनुसूचींत पहिली ते पांचवीसाठीं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदपर्यंत तीन, एकशें वीसपर्यंत चार, असा हिशेब घातला आहे. सहावी ते आठवीसाठीं दर पस्तीस मुलांमागें निदान एक शिक्षक. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें प्रत्येक शाळेंत एका शिक्षकामागें मुलें तिसांहून कमी असावींत असें म्हटलें आहे. वर्ध्याचा १९३७ चा आंकडा असा जवळजवळ जसाच्या तसा परत आला आहे. पण कागदावरचें प्रमाण आणि वर्गांतलें माणूस यांत अंतर राहतें. एकशें वीस मुलें व चार शिक्षक, हें प्रमाण बिनचूक. एक शिक्षक रजेवर गेला आणि दुसरा शिरगणतीच्या किंवा निवडणुकीच्या कामावर गेला, कीं त्या दिवशीं वर्ग साठांचाच भरतो.

याच्या दुसऱ्या टोंकास विदर्भांतील आणि एकंदर राज्यांतील खेड्यांच्या शाळा आहेत. २०२३ सालीं वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा उभारण्याचा विचार शासनानें पुढें केला, तेव्हां जाहीर झालेल्या आंकड्यांप्रमाणें राज्यांत अशा १४,७८३ शाळा होत्या. त्यांत सुमारें एक लाख पंच्याऐंशी हजार मुलें व एकोणतीस हजार सातशें शिक्षक होते. म्हणजे एका शाळेंत सरासरीनें बारातेरा मुलें, आणि दर शिक्षकामागें सहा. कागदावर पाहिलें तर हें प्रमाण टेनेसीच्या लहान वर्गाहूनहि चांगलें. मग येथील मुलें सर्वांच्या पुढें कां नसावींत?

कारण येथें वर्ग लहान नाहीं. शाळा लहान आहे. बारा मुलें चार इयत्तांत विभागलेलीं, आणि शिक्षक दोन. प्रत्येकाकडे दोन इयत्ता. पहिलीस अक्षरओळख चालू असतां दुसरी वाट पाहते. एखादा शिक्षक बैठकीस किंवा कागदपत्रांच्या कामास गेला, कीं उरलेल्याकडे चारहि इयत्ता. मूल एका शिक्षकामागें सहा या हिशेबानें बसलेलें असतें, पण त्यास मिळणारा वेळ दिवसाचा अर्धा किंवा चौथाईच असतो. शिवाय तिसरींत एकटेंच असलेलें मूल वाद कोणाशीं घालणार, खेळणार कोणाशीं?

तेव्हां अशा शाळा बंद कराव्यात काय? घाईनें होय म्हणूं नये. कायद्याखालील नियमांनीं खालच्या प्राथमिक वर्गांची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत व वरच्या प्राथमिकची तीन किलोमीटरच्या आंत असावी असें ठरविलें, तें उगाच नव्हे. आठ वर्षांच्या मुलीची शाळा पावसाळ्यांत नाल्यापलीकडे गेली, तर तिच्यापुरता वर्गांतील संख्येचा प्रश्नच मिटतो. ती वर्गांतच नसते. परुळेकरांची चिंता येथें पुन्हा जागी होते : आधीं मूल दाराच्या आंत हवें. आणि या शाळांत एक सोय आहे, जी शहरांतील साठांच्या वर्गांत कितीहि पैसा ओतून आणतां येत नाहीं. शिक्षक प्रत्येक मुलास नांवानें, घरानें, स्वभावानें ओळखतो. इयत्तांच्या भिंती बाजूस ठेवून, ज्यास जें येतें त्यावरून गट पाडून शिकविण्याची रीत त्यानें आत्मसात् केली, तर तीच शाळा उत्तम होऊं शकते. मोठ्या वयाच्या मुलानें लहानास वाचून दाखविणें ही पंतोजींची जुनी रीत बारा मुलांत चांगली चालते, कारण शिक्षकाची नजर दोघांवरहि असते. वर्ध्यापासून थोड्याच अंतरावर सेवाग्राम आश्रमाच्या परिसरांत २००५ सालीं 'आनंद निकेतन' ही नई तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली. तेथें मुलें बागेंत, स्वयंपाकांत, सुतावर काम करतां करतां शिकतात. हातकामांतून शिकविणें ही जुनी गोष्ट झाली असें ज्यांना वाटतें, त्यांनीं ती शाळा लक्षांत ठेवावी.

शहरांतील गृहस्थांस या सर्वांतून काय घेतां येईल? आपल्या हातीं शाळेची पटसंख्या नसते. पण प्रश्न विचारणें आपल्या हातीं असतें. 'वर्गांत मुलें किती' हा प्रश्न विचाराच, पण तेथें थांबूं नका. माझ्या मुलाची वही आठवड्यांतून किती वेळां पाहिली जाते, आणि चूक दाखविल्यावर ती त्याच्याकडून पुन्हा करवून घेतली जाते काय? आठवड्यांतून निदान एकदां त्यास मोठ्यानें वाचावें लागतें काय, स्वतःचें उत्तर स्वतः द्यावें लागतें काय? जीं मुलें मागें पडतात, त्यांच्यासाठीं शाळा काय करते? या प्रश्नांस चाळीसांच्या वर्गाची शाळा नीट उत्तरें देत असेल आणि पंचविसांची देत नसेल, तर चाळीसांची पत्करावी.

ज्या शाळांस आज साठांचे चाळीस करणें शक्य नाहीं, त्यांनींहि हातावर हात ठेवून बसण्याचें कारण नाहीं. दिवसांतील सहाहि तास वर्ग लहान हवा असें नाहीं. गोष्ट, गाणें, इतिहासाचा धडा, प्रयोगाचें दर्शन साठांसमोर करतां येतें. पण रोजचा एक तास तरी असा काढावा, कीं ज्यांत वर्गाचे गट पाडले आहेत, एक गट लेखन करतो आहे, एक ग्रंथालयांत आहे, आणि उरलेल्या पंधरांसमवेत शिक्षक बसलेला आहे. मुंबईच्या बालसखीनें जें साधलें, तें अशाच एका दोन तासांच्या जोरावर साधलें. मदतीस माणूस घ्यावयाचें, तर तेंहि वर्गांत नुसतें उभें राहण्यासाठीं घेऊं नये. टेनेसींत त्याचा उपयोग झाला नाहीं. त्याच्या स्वाधीन कांहीं मुलें व निश्चित काम द्यावें.

आणि ज्यांच्या हातीं नेमणुकांचा व पटाचा निर्णय आहे, त्यांनीं शाळेची सरासरी पाहून समाधान मानूं नये. प्रत्यक्ष वर्गांत, प्रत्यक्ष दिवशीं, एका शिक्षकासमोर किती मुलें व किती इयत्ता बसल्या होत्या, याची नोंद मागवावी. पैसा मोजकाच असेल, तर तो पहिली-दुसरीच्या आणि गरीब वस्त्यांच्या वर्गांवर आधीं खर्चावा. कारण वाचावयास शिकण्याचें वय तेंच, आणि घरीं सांगणारें कोणी नाहीं असें मूल तेथेंच अधिक. लहान वर्गाबरोबर शिक्षकास त्या वर्गांत वेगळ्या रीतीनें कसें शिकवावें, हेंहि शिकवावें. नाहीं तर कॅलिफोर्निया व केनिया यांचाच अनुभव आपल्या पदरीं येईल.

वर्ध्याच्या समितीनें तिसांची मर्यादा घातली, ती तिसांत कांहीं जादू आहे म्हणून नव्हे. एका मनुष्यास एका दिवसांत किती मुलांचें काम खरोखर पाहतां येईल, याचा तो हिशेब होता. हिशेबाची रीत आजहि तीच आहे. शिक्षकाजवळचीं मिनिटें मोजावींत, समोरचीं मुलें मोजावींत, आणि भागाकार करावा. उत्तर जें येईल, तेवढेंच शिक्षण प्रत्येक मुलाच्या वांट्यास आलें, असें समजावें.